उडदाचा दाणा

१

रविवारी दुपारी दोन वाजले की वरच्या खोलीचं दार लागायचं आणि साडेतीनला खालून चहा जायचा. सारिका लग्न होऊन बुलडाण्याच्या या घरात आली त्याला चौथा महिना लागला होता. घरातल्या बाकी गोष्टी तिनं बदलताना पाहिल्या होत्या, अगदी सासूबाईंचा उपासाचा वारसुद्धा. या दोन वेळा मात्र कधी हलल्या नाहीत.

वर तिच्या नवऱ्याचा, चिन्मयचा, खेळ चालायचा. तो तंत्रनिकेतनात शिकवायचा, आणि सहा वर्षांपासून दर रविवारी तीन मित्र जमवून बसायचा. पत्ते नाहीत, कॅरम नाही. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि दरवाजा फुटला की नाही, उडी जमली की नाही, हे फासा टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणारा चिन्मय, तो सूत्रधार. घोडनवऱ्यांची भातुकली, असं सारिकानं मनातल्या मनात त्याला नाव ठेवलं होतं. मनातल्या मनात ती पुष्कळ बोलायची. तोंडानं कमी.

चहाची रीत अशी, की ट्रे दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, दोनदा टकटक करायची आणि खाली यायचं. साडेचारला रिकामे कप त्याच स्टुलावर सापडायचे.

"किती कप?" पहिल्या रविवारी तिनं विचारलं होतं.

"पाच," सासूबाई वासंतीबाई म्हणाल्या होत्या. "पयलेपासून पाचच जातात."

त्या दिवशी ट्रे घेऊन चढताना तिची नजर जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेली. सगळे तिथंच पायतण काढायचे. सागरचे पांढरे बूट, टाचा दुमडलेले. त्याचं बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. इंद्रभानच्या काळ्या सँडल, तहसीलच्या फरशीवर झिजलेल्या. संघर्षचे धुळकट बूट. तो दुसरबीडच्या शाळेत मास्तर, दर रविवारी मोटरसायकल हाणत यायचा. आणि चिन्मयची स्लीपर.

चार जोड. ट्रेमध्ये पाच कप.

बी.एड. झालेल्या माणसाला मोजायची खोड असते, सहलीला नेलेली पोरं मोजायची तशी. कोणी तरी दोन कप घेत असेल, तिनं ठरवून टाकलं. इंद्रभानभाऊजी. तोंडावरून तसेच वाटतात.

पण कप विसळताना ती थबकली. चार कपांच्या तळाला नुसता गाळ होता. पाचव्या कपात साय बोटानं काढून आतल्या काठाला चिकटवलेली होती. पुरुष माणूस साय फुंकरीनं सारतो, नाही तर गिळून मोकळा होतो. अशी नीट काढून काठाला लावत नाही. सारिकाला स्वतःला साय इतकी आवडायची की माहेरी, धाडला, तिचे वडील अर्जुनराव आपल्या कपातली साय तिच्या कपात टाकायचे. साय नको असणारं माणूस तिच्या लगेच ध्यानात यायचं.

पुढच्या रविवारीही एका कपाला साय चिकटलेली होती. त्याच्या पुढच्या रविवारीही.

२

मग एकदा टकटक करून ती खाली गेली नाही. दाराला कान लावला असं म्हणणं बरं दिसत नाही. ती दाराजवळ उभी राहिली, एवढंच.

आत कूलर घरघरत होता. चिन्मयचा गोष्ट सांगण्याचा आवाज येत होता. घरात तो कधी इतका रंगून बोलायचा नाही. फासा लाकडावरून घरंगळला. सागर "अरे तिच्यायला" म्हणाला. आणि मग काचेच्या बांगड्या वाजल्या.

सारिकानं आपले दोन्ही हात कोपरापर्यंत उचलून घट्ट धरले. लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात होता. तो गप्प होता. आत बांगड्या पुन्हा वाजल्या, हात टेबलावरून मागे घेतल्यासारख्या.

संशय एकटा येत नाही. तिला आपल्या खोलीतलं कपाट आठवलं. त्याच्या आरशाच्या कोपऱ्यात एक मरून टिकली चिकटलेली होती, आणि या घरात ना मुलगी ना नणंद. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कपाट जुनं घेतलं व्हतं ना मंग." कपाटाच्या आत कंपनीचं प्लास्टिक अजून फाडलेलंही नव्हतं.

रात्रीच्या जेवणापर्यंत ती वाट पाहत बसली नाही. संध्याकाळी पोहे देतानाच तिनं विचारलं, "वर कोणी बाई येते का हो?"

चिन्मयला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "सागरची सख्खी बायको त्याले घरात घेत नाही. इथं कोन बाई येईन?"

"बांगड्या वाजतात."

"फासे वाजतात. दोन काचेचे आहेत, पुण्याहून आणलेले."

हे पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं होतं म्हणूनच तिला ते आवडलं नाही.

"एवढा संशय आहे त येऊन बस ना," तो म्हणाला. "एक रविवार पाहुणी म्हणून. आवडलं त भिडू हो. पण मत घ्या लागते बरं. मी एकटा नाही ठरवत."

मत घ्यायची त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकाला एक तुरीचा दाणा आणि एक उडदाचा. नॅपकिनखाली स्टीलचा डबा. मूठ आत घालायची, हवा तो दाणा सोडायचा. तूर म्हणजे हो, उडीद म्हणजे नाही. एक जरी काळा निघाला तरी नवा माणूस घ्यायचा नाही, आणि तो कोणाचा हे विचारायचं नाही.

"सहा वर्षांत किती जणांना घेतलं?"

"दोघंतिघं विचारून गेले," चिन्मय म्हणाला. "नाही जमलं."

"कोणी नाही म्हटलं?"

"तेच त विचारायचं नसते ना."

गोष्टीतल्या किल्ल्यांचं आणि भुयारांचं सारिकाला वेड नव्हतं. पण या घरात एक दार असं होतं की ज्याच्या बाहेर ट्रे ठेवून ती परत फिरत होती, मोलकरणीसारखी. त्या दारापलीकडे खुर्ची मिळाली तर हे घर तिचं. नाही मिळाली तर ती जन्मभर पाहुणी. तिनं मान हलवली.

३

खोली तिच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. जुन्या दाराच्या फळीचं टेबल, त्याभोवती लाल प्लास्टिकच्या पाच खुर्च्या. चार भरलेल्या. खिडकीकडे पाठ असलेली पाचवी रिकामी. सारिकाला भिंतीलगतच्या दिवाणावर बसवलं होतं. पाहुणीनं बोलायचं नाही असा नियम होता, तो तिला जड गेला नाही.

खोलीत चार पुरुष असले आणि खुर्ची रिकामी असली की पाच मिनिटांत तिच्यावर हेल्मेट येतं, बॅग येते, जर्किन येतं. संघर्षचं हेल्मेट मात्र जमिनीवर होतं. त्या खुर्चीवर कोणी काहीच ठेवलं नव्हतं. धूळही नव्हती.

"वहिनी भिडू झाल्या त चहा कोन आनन बे?" सागरनं सुरुवात केली.

"तू आनशील. तसंही तुह्या हातानं मेलेलेच मोबाइल निघतात," संघर्ष म्हणाला.

इंद्रभान हसला नाही. तो वयानं थोडा मोठा. "गंमत सोडा. नवीन मानूस आलं की गोष्ट अडते. त्याले सगळं पयलेपासून सांगा लागते. आपला मेळ बसलेला आहे. मोडायचा काऊन?"

"अन् लै दिवस झाले तेच ते तेच ते," संघर्ष म्हणाला. "कोणी तरी यायलाच पाहिजे."

"मताच्या वेळी पाहू," चिन्मयनं तोडलं आणि गोष्ट सुरू केली.

सागर गोष्टीत चोर होता, संघर्ष तलवारबाज, इंद्रभान वैद्य. ते एका किल्ल्याच्या भुयारात उतरत होते. आत काळोख, पायाखाली पाणी.

"पुढं कोन राहीन?" चिन्मयनं विचारलं.

"वाटाडी," तिघं एकदम म्हणाले.

वीस बाजूंचा फासा घरंगळला. "सतरा," चिन्मयनं वाचलं. "वाटाडी पुढं गेली. तिले वाट सापडली. तुम्ही तिच्यामागं."

सारिका हात पाहत होती. मुद्दामच. सागरचे हात मोबाइलवर होते, संघर्षचे डोक्यामागे, इंद्रभानचे मांडीवर. चिन्मय वहीचं पान उलटत होता. फासा टेबलाच्या मधोमध अजून डुलत होता. नजर चुकली असेल, ती स्वतःला म्हणाली. चुकतेच नजर. पण गोष्टीत चार माणसं चालली होती आणि खेळायला तिघं होते, यात नजरेचा काय दोष?

चहाला तिनं मुद्दाम सहा कप आणले होते. पाच माणसं, सहा कप. ती डोळ्यांत तेल घालून ट्रेकडे बघत बसली. मग सागरचा चोर विहिरीत पडला, सगळे खो खो हसले, तीही हसली, आणि वळून पाहते तो सहाही कप रिकामे. एकाच्या काठाला साय.

मत घ्यायची वेळ आली. चिन्मयनं चौघांना दोन दोन दाणे वाटले. एकेक मूठ नॅपकिनखाली गेली. टण. टण. टण. टण.

आणि सगळ्यांचे हात बाहेर आल्यावर, श्वासभर थांबून, टण.

सागरनं डबा पालथा केला. तुरीचे चार दाणे आणि उडदाचा एक.

"चौघांत पाच कसे बे?"

"कोनं दोन्ही टाकले? मूठ उघडा."

चार मुठी उघडल्या. चार तळहातांवर चार उडीद होते. ज्याचा त्याचा, ज्याच्या त्याच्यापाशी.

मग सागर हसला, मग बाकीचे. पुरुषांना एखादी गोष्ट नको असली की ते जसे हसतात तसे. "वाटतानाच चुकलं असन," चिन्मय म्हणाला.

"चुकलं असो का काही असो," इंद्रभान म्हणाला, "काळा निघाला. नियम म्हणजे नियम. वहिनी, महिन्यानं पुन्हा विचारता येते."

सारिका कप गोळा करून खाली गेली. कोणीही नाही म्हटलेलं नसताना तिला नकार मिळाला होता.

४

दुसऱ्या दिवशी ती स्क्रीनगार्ड बसवायला सागरच्या दुकानात गेली.

"भाऊजी, ती वाटाडी कोण खेळतं?"

"ती? ती त चिन्मयची. सूत्रधाराची."

चिन्मयला विचारलं. "माही नाही. इंद्रभानची आहे. त्याचे दोन आहेत, वैद्य अन् वाटाडी."

इंद्रभान संध्याकाळी घरावरून जाताना दिसला. "मी काऊन दोन खेळीन? संघर्षची आहे ती."

संघर्षला तिनं फोन केला. "सागरची ना वहिनी! त्याला विचारा की." मग त्यानंच विचारलं, "काऊन? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

कपांचंही तसंच निघालं. सासूबाई म्हणाल्या, "चिन्मयनंच सांगतलं व्हतं मले पाच." चिन्मय म्हणाला, "आईच पाच पाठवते, मले वाटे इंद्रभान दोन घेते." सहा वर्षं चौघं एका टेबलाभोवती बसत होते, आणि जिचा हिशेब लागत नव्हता ती प्रत्येकानं दुसऱ्याच्या पदरात टाकून दिली होती.

तिच्या डोक्यात दोन बाजू झाल्या. एक म्हणे, नव्या नवरीची चेष्टा चाललीय. चौघांनी मिळून ठरवलंय, सासूही सामील. दुसरी काहीच म्हणत नसे. ती फक्त साय आठवायची.

पण सासरी येताना आईनं तिला एक गोष्ट शिकवून पाठवली होती: घरात आपल्याला कोण नको म्हणतंय ते आधी शोध, आणि त्याच्या आवडीचं कर. म्हणून पुढच्या रविवारी सारिकानं पाचवा कप वेगळा केला. दोनदा गाळला, सायीचा धागा राहू दिला नाही, आलं किसून टाकलं. टकटक केली, खाली आली.

परत आलेल्या ट्रेमध्ये तो कप स्वच्छ होता. बशीत उडदाचा एक दाणा होता.

तिच्या मनात भीती आधी आली नाही. आधी राग आला. इतकं करून नाहीच?

दुसऱ्या रविवारी तिनं कपाबरोबर कचोरी ठेवली. कचोरी संपली होती. बशीत दोन काळे दाणे होते.

तिसऱ्या रविवारी ट्रे ठेवून ती दाराशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "का नको? मी काय वाईट केलं तुमचं?"

आत चिन्मय गोष्ट सांगत होता. त्याचा आवाज तसाच चालू राहिला. बांगड्या थांबल्या. मग दाराच्या पलीकडून, तिच्या तोंडासमोरच्या फळीपाशी, काही तरी टेकल्याचा आवाज आला. कपाळ टेकवावं तसा. कोणी तरी लांब श्वास घेतला. रडून झाल्यावर घेतात तसा.

"बसू द्या मला," सारिका म्हणाली. "एवढंच मागते."

त्या दिवशी बशीत तुरीचा दाणा आला. ओला होता.

५

महिना भरला आणि पुन्हा मत झालं. चौघांच्या चार मुठी, चार आवाज, एक श्वास, आणि पाचवा आवाज. पाच तुरी. या वेळी कोणी दाणे मोजलेही नाहीत. सागरनं टाळी वाजवली. इंद्रभान म्हणाला, "चला, बरं झालं," आणि त्याच्या आवाजात खरंच सुटल्यासारखं काही तरी होतं.

"बस," चिन्मयनं पाचव्या खुर्चीकडे हात केला.

खुर्ची ऊबदार होती. खिडकीतून ऊन येत असेल, तिला वाटलं. ऊन समोरच्या भिंतीवर होतं.

प्रत्येक भिडूचा एक कागद असतो. गोष्टीतल्या माणसाचं नाव, ताकद, अक्कल, सगळं त्यावर लिहिलेलं. "नवीन माणूस कशाले बनवायचं?" चिन्मय म्हणाला. "वाटाडी घे. ती कोनाचीच नाही म्हणतात सगळे." आणि वहीतून एक कागद काढून त्यानं तिच्यापुढे सरकवला.

कडा मऊ पडल्या होत्या, पुष्कळ हातांतून गेल्यासारख्या. अक्षर एक नव्हतं. वर एक, खाली दुसरं, मधे हिरव्या शाईचं तिसरं. सगळी बायकी, गोल. नावाच्या रकान्यात इतक्या वेळा खोडलं होतं की कागद तिथं झिरझिरीत झाला होता. सारिकानं बोट लावलं तर पलीकडून टेबलाचं लाकूड लागलं.

"पुढं कोन राहीन?" चिन्मयनं विचारलं.

"वाटाडी," तिघं म्हणाले.

तिनं फासा टाकला. तिच्या बांगड्या वाजल्या. हा आवाज आपण कुठं ऐकलाय, हे तिला तेव्हाच कळलं.

पाचला खेळ मोडला. ती सगळ्यांच्या आधी जिना उतरली. पहिल्या पायरीवर पाहिलं. पांढरे बूट, काळ्या सँडल, धुळकट बूट, स्लीपर. वर जाताना तिनं आपल्या चपला तिथंच सोडल्या होत्या. धाडच्या बाजारातल्या, अंगठ्यापाशी पांढरं फूल असलेल्या. त्या नव्हत्या.

जिन्याच्या खिडकीतून गल्ली दिसायची. एक बाई गल्लीच्या टोकाकडे चालली होती. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पायांना मुंग्या येतात तशी, एकेक पाऊल जपून टाकत. हातात हिरव्या बांगड्या होत्या. पायात पांढरी फुलं.

सारिका हाक मारणार होती. पण बाई निंबाच्या झाडाशी थांबली आणि अर्धी वळली. चेहरा दिसला म्हणावा तर सावलीनं कापलेला. कपाळ तेवढं दिसलं, त्यावर मरून टिकली. तिनं दोन्ही हात जोडले. नमस्काराचे नव्हते ते. माफीचे होते.

मग ती बसस्टँडच्या बाजूला वळली आणि भरभर चालू लागली.

६

पुढचं हळूहळू झालं, म्हणून तिला ओरडता आलं नाही.

आधी ताटं. सासूबाईंनी तीनच मांडली. अनंतराव सासरे, चिन्मय आणि स्वतः. "अगंबाई!" म्हणून हसल्या, चौथं आणलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विसरल्या, आणि हसल्या नाहीत. मग चिन्मय पलंगाच्या मधोमध झोपू लागला. मग तिनं धाडला फोन लावला.

"कोन बोलते?" अर्जुनरावांनी विचारलं.

"बाबा, मी."

"राँग नंबर आहे ताई," ते अदबीनं म्हणाले. परक्या बायकांशी ते नेहमीच अदबीनं बोलत.

ती बसस्टँडकडे जायला निघायची, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिच्या चपला नसायच्या, आणि अनवाणी पाऊल तिथून पुढे पडत नसे. का पडत नसे, हे तिनं पायाला पुष्कळदा विचारलं. शेवटी ती वरच राहू लागली. वर निदान रविवार होता. रविवारी कोणी तरी "वाटाडी पुढं जाते" म्हणायचं आणि फाशाकडे बघायचं. तिच्याकडे नाही, पण फासा तिनंच टाकलेला असायचा. खालून पाच कप यायचे. एकदा चहा पिताना तिच्या लक्षात आलं की आपण साय बोटानं काढून काठाला लावतोय. घशाखाली जातच नव्हती.

वैशाखात खाली मांडव पडला. तिनं गच्चीवरून पाहिलं. चिन्मयच्या मुंडावळ्या दिसल्या, वासंतीबाईंचं नवं लुगडं दिसलं. "पोराचं लग्न उशिरा झालं, पण बाई चांगली मिळाली," त्या कोणाला तरी सांगत होत्या. नवरी संग्रामपूरकडची होती. आरोही.

आरोही सारिकासारखी गप्प नव्हती. तिसऱ्याच रविवारी तिनं दारातून आत डोकावून पाहिलं, पाचव्या रविवारी ती दिवाणावर पाहुणी म्हणून बसली होती.

"वहिनी भिडू झाल्या त चहा कोन आनन बे?" सागर म्हणाला.

"मेळ बसलेला आहे. मोडायचा काऊन?" इंद्रभान म्हणाला.

"कोणी तरी यायलाच पाहिजे," संघर्ष म्हणाला.

"आपण चौघं," चिन्मय म्हणाला, "चार मतं," आणि त्यानं दाणे वाटले.

सारिकानं आपली मूठ उघडली. कोणी दिलेले नसताना तिच्या तळहातावर दोन दाणे होते. एक तूर, एक उडीद.

आरोहीच्या चपला पहिल्या पायरीवर होत्या. निळ्या, नव्या. सकाळीच सारिकानं हळूच पाय सरकवून पाहिला होता. बरोबर बसला होता. आरोही खुर्चीवर बसली की त्या चपलांत ती पायरी उतरू शकत होती. निंबाच्या झाडापर्यंत, बसस्टँडपर्यंत. धाडची गाडी पाच वीसला सुटते. अर्जुनराव दारात असतील. कदाचित ओळखतील. एक तुरीचा दाणा, बस्स.

तिनं आरोहीकडे पाहिलं. पोरगी दिवाणाच्या कडेवर बसली होती, मान पुढे काढून, डोळ्यांत नुसती आशा. तिला किल्ल्यांचं वेड नव्हतं. तिला खुर्ची हवी होती.

चार मुठी गेल्या, चार आवाज झाले. सारिकानं श्वास घेतला आणि दाणा सोडला.

"चार तुरी, एक काळा," सागर हसत म्हणाला. "चौघांत पाच कसे बे?"

आरोहीचा चेहरा पडला. मग कडक झाला. ती कोणाकडेच बघत नव्हती. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती, आणि ते बघणं सारिकाच्या ओळखीचं होतं.

पुढच्या रविवारी दारावर दोनदा टकटक झाली. ट्रे आत आला. चार कपांवर साय तरंगत होती. पाचवा दोनदा गाळलेला होता, वर आल्याचा वास.

सारिकानं तो दोन्ही हातांनी धरला. किती दिवसांनी कोणी तरी तिच्यासाठी म्हणून चहा केला होता. तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि बशीत उडदाचा एक दाणा ठेवला.

दुसरा, तुरीचा, मुठीत राहिला. गरम होता. महिना भरायला अजून तीन रविवार होते.